तो मासा, ती मासळी

“मासे धरायला निघालीत माणसं, आणि गाडीत हळद नाही, मीठ नाही. कोकमाचं आगळ तर सोडाच.”

हे वाक्य मला उद्देशून नव्हतं. कोणालाच उद्देशून नव्हतं. मागच्या सीटवर माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या सासूबाई दोन शाली आणि आमच्या लेकीचं, ईराचं, जुनं जॅकेट यांच्या आतून स्वतःशी पुटपुटत होत्या. मी ऐकलं. पुढे गाडी चालवणाऱ्या कमलाकरनेही ऐकलं असणार, कारण त्याचे कान मागून लाल झाले.

माझा नवरा गेली अकरा वर्षं हिवाळ्यात मासे धरायला जातो आणि आमच्या घरात त्याच्या हातचा एक खवलाही आलेला नाही. इकडे मासा धरतात, त्याचा फोटो काढतात, वजन करतात आणि परत पाण्यात सोडतात. हे त्याने आईंना सांगितलेलं नव्हतं. तसं त्याने आईंना बरंच काही सांगितलेलं नव्हतं, आणि मी त्यात त्याला पूर्ण साथ दिली होती.

आई ऑगस्टमध्ये आल्या, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. तिकडे पोयनाडजवळच्या गावात त्या आणि त्यांची धाकटी जाऊ, अशा दोघी वीस वर्षं एका घरात राहत होत्या. भांडायच्या आणि एकमेकींच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या. ऑक्टोबरमध्ये जाऊबाई गेल्या. आईंनी ते सगळं लंडनच्या हॅरोतल्या आमच्या किचनमध्ये, टोस्टरला टेकवून ठेवलेल्या फोनवर पाहिलं. तेव्हापासून गावच्या घराला कुलूप आहे. परतीचं विमान आठ फेब्रुवारीचं, आणि हा होता जानेवारीतला तिसरा शनिवार.

मधल्या काळात आम्ही दोघं एका वकीलबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी कागद पाहिले, चष्मा काढला, आणि आईंना इथे कायमचं ठेवून घेण्याची शक्यता जवळपास नाहीच, असं फार सौम्य आवाजात सांगितलं. तिकडे पगारी माणूस सांभाळायला मिळू शकतो ना, मग झालं, असा नियम. त्यानंतर कमलाकरने पनवेलच्या एका वृद्धाश्रमात फोन केले आणि खोली ठरवली. तो त्याला ‘सीनियर लिव्हिंग’ म्हणतो. हे सगळं आता आईंना सांगायचं होतं. कोणी सांगायचं, तेवढं ठरत नव्हतं.

कमलाकर आधी म्हणाला, ख्रिसमस होऊ दे. मग म्हणाला, संक्रांत होऊ दे. तिळगूळ खाऊन झाला. काल ईराकडे न्यूकॅसलला येताना, मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये त्याने कॉफीचा कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि सुरुवात केली, “आई, ते फेब्रुवारीचं...”

“फेब्रुवारीत इकडे बर्फ पडतो का रे?” आईंनी विचारलं.

त्यावर त्याने दहा मिनिटं बर्फाविषयी माहिती दिली.

रात्री हॉटेलात तो मला म्हणाला, “उद्या पाण्याजवळ सांगतो. पाण्याजवळ आई शांत असते.” मी म्हटलं, “सांग.” मनात म्हटलं, बघू या.

आणि आई स्वतः? त्या गावच्या प्रत्येक फोनवर एकच सांगायच्या: “माझं काय, माझं तिकडेच छान आहे. इथे करमत नाय मला.” ते वाक्य आम्ही दोघांनी धरून ठेवलं होतं. खोटं कशाला बोलू, पाच महिने एका छोट्या घरात सासूबाईंबरोबर काढल्यावर आठ फेब्रुवारीकडे माझंही अधूनमधून लक्ष जायचं. माझ्या फोडणीत मोहरी आधी की जिरं आधी, यावर कोणी काही बोलणार नाही, असा एक मंगळवार मला दिसायचा.

ईरा आमची एकुलती एक. न्यूकॅसलला मरीन बायोलॉजी शिकते, तिसरं वर्ष. तिचं मराठी जोरात धावतं आणि वळणावर पडतं. तिच्या मराठीत प्रत्येक वस्तू आधी ‘ती’ असते, बाकी चौकशी नंतर. आईंचे यजमान मास्तर होते. लग्नानंतर पाच वर्षं त्यांनी रोज संध्याकाळी बायकोचं आगरी बोलणं दुरुस्त केलं. पानी नव्हे, पाणी. तलं नव्हे, तळं. ते सगळं सामान आई आता ईराकडे पोचवत होत्या.

“आजी, तिथे पाणीवर बर्फ असेल,” ईरा पुढच्या सीटवरून मागे वळून सांगत होती. “ती खूप जाड नसते, पण.”

“पाण्यावर. आणि तो बर्फ.”

“ओके, तो बर्फ. तर तिच्याखाली फिश असतात.”

“त्याच्याखाली.”

“पण आजी, कळतं कसं? बर्फ मुलगा आहे, हे कोणी ठरवलं?”

आईंनी जरा विचार केला. “थंड असतो आणि काही बोलत नाय, म्हणून.”

कमलाकरचे कान पुन्हा लाल झाले.

रस्ता अरुंद होत गेला. गावं संपली, मग घरं संपली, मग फोनची रेंज संपली. एका वळणावर तपकिरी पाटी आली. आईंना इंग्रजी बोलता येत नाही, पण मास्तरांनी अक्षरं शिकवलीत आणि त्या पाट्या सोडत नाहीत.

“ब्लॅक होप,” त्यांनी वाचलं. “म्हणजे काळी आशा?”

“नाही गं. इकडच्या जुन्या बोलीत होप म्हणजे दरी,” कमलाकर म्हणाला. “ब्लॅकहोप रिझर्व्हॉयर. काळी दरी.”

“ती तरी कुठे बरी,” आई म्हणाल्या.

गाडीतून उतरलो तेव्हा पहिल्यांदा मला जाणवली ती शांतता. वाळलेल्या गवताचे तांबूस डोंगर, त्यांच्यात अडवलेलं पाणी, लांबवर दगडी बांध, आणि कुठेही माणूस नाही. दहा-बारा मेंढ्या आमच्याकडे बघत उभ्या होत्या. पाण्यावर बर्फ धरला होता, ओल्या पाटीसारखा करडा. मधूनच तो आतून काहीतरी बोलायचा, लांब ओढलेला, दार कुरकुरल्यासारखा आवाज.

“कोण आहे तिकडे?” आई थबकल्या.

“बर्फच आहे, आजी. ती... तो हलतो.”

“बघा, बोलतो तर,” मी म्हटलं.

“घरचा नाय बोलत,” आई म्हणाल्या, आणि चालू लागल्या.

या देशात बर्फावर चालत जाऊन कोणी मासे धरत नाही. तेवढा जाड तो होतच नाही, आणि जाऊ नका म्हणून काठावर लाल पाटीही आहे. पाण्यात थोडा आत गेलेला एक लाकडी धक्का आहे, त्यावर बसायचं आणि धक्क्यालगतचा बर्फ फोडून गळ सोडायचा. कमलाकरने दोरीला बांधलेलं लोखंडी वजन काढलं आणि फेकलं. पहिल्यांदा बर्फाने ते नुसतं टणकन परत दिलं. दुसऱ्यांदा चरा पडला. तिसऱ्यांदा फुटलं, आणि काळं पाणी वर आलं. मग त्याने पिशवीतून झारा काढला आणि बर्फाचे तुकडे उपसायला लागला.

“अहो,” मी म्हटलं. आईंसमोर मी त्याला अहो म्हणते. “तो माझा पुऱ्यांचा झारा आहे.”

“हो, म्हणजे... तुकडे काढायला बरा पडतो.”

दिवाळीत मी तो झारा शोधून घर उलथंपालथं केलं होतं आणि शेवटी पुऱ्या चमच्याने तळल्या होत्या. अकरा वर्षं हा माणूस शनिवारी नक्की काय करतो, याचं मला नेहमीच कुतूहल होतं. आता एक धागा तरी हाती लागला.

परातीएवढं भोक तयार झालं. आई त्याच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसल्या आणि वाकून आत बघायला लागल्या. त्यांचं तोंड मी असं कधी पाहिलं नव्हतं. हॅरोच्या घरात त्या खिडकीबाहेर बघायच्या तेव्हा त्यांचे डोळे फक्त उघडे असायचे. इथे ते काम करत होते.

“झोपलेत का आत?”

“नाही, जागे असतात. पण स्लो,” ईरा म्हणाली. “खालची पाणी वरच्यापेक्षा गरम असते.”

“खालचं पाणी. असतं. आणि गरम कसं असेल? वेडी का काय तू.”

“म्हणजे चार डिग्री. वर झिरो. चार डिग्रीचं पाणी सगळ्यात जड, म्हणून ते तळाला बसतं. मग सगळे फिश खाली जाऊन गर्दी करतात.”

“म्हणजे खाली ऊब आहे.”

“ऊब नाही आजी, कमी थंड.”

“थंडीत कमी थंड म्हणजेच ऊब,” आई म्हणाल्या. “मग गळ तळापासून हातभर वर. खाली नको, वर नको. कमळू, केवढं खोल आहे?”

कमलाकरने मुकाट्याने दोरा मोजून दिला.

कमलाकर इथे धरतो तो पर्च नावाचा मासा. हिरवट अंग, त्यावर काळे पट्टे, पोटाखालचे पर शेंदरी, आणि पाठीवर काट्यांचा पंखा. फोटो मी पाहिला होता. आईंनीही पाहिला होता आणि लगेच म्हणाल्या होत्या, “जिताड्याच्या नात्यातला दिसतो. चुलत नाय तर मावस.” जिताडा म्हणजे त्यांच्या खारेपाटातला, खाडीकाठच्या मुलखातला राजा. पिल्लं खाडीतून आणून घराजवळच्या तळ्यात सोडायची, दोन-तीन वर्षं वाढवायची, आणि घरी कोणी मानाचं माणूस आलं की काढायची. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांना आठ किलोचा जिताडा आला होता. माझी आई शाकाहारी. तो प्रसंग वेगळा.

गळाला लावायला गांडुळं होती. आईंनी डब्यात बोट घातलं, एक उचललं, उजेडात धरलं. “हा तोच आहे,” त्या खूश होऊन म्हणाल्या. “इतक्या लांब, पण तोच.” मग त्यांनी हातमोजा काढला. मी म्हटलं, “आई, बोटं गोठतील.” त्या म्हणाल्या, “मोज्यातून कळत नाय.” रॉड मांडीवर आडवा ठेवला आणि दोरा तर्जनीवरून घेतला, नाडी बघतात तसा.

आईंच्या नावाचं एक दिवसाचं लायसन कमलाकरने ऑनलाइन काढलं होतं. सुलक्षणा दामोदर म्हात्रे. त्याचा प्रिंट त्यांनी नीट चार घड्या करून पर्समध्ये ठेवला होता, आणि हॉटेलात सकाळी मला विचारलं होतं, “यावर शिक्का लागत नाय?”

मग आम्ही बसलो. अर्धा तास काही झालं नाही. थर्मासमधला चहा निघाला, मी केलेल्या मेथीच्या वड्या निघाल्या. कमलाकर धक्क्याच्या टोकाला गुडघे जवळ घेऊन बसला होता. मधूनच आईंकडे बघायचा, तोंड उघडायचा, आणि चहा प्यायचा. मी भुवई उंचावली की तो डोंगराकडे बघायचा.

“लहानपणी असाच बसायचा तळ्यावर,” आई माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या. “बाप ओरडला की घरातून उठून तिथे जाऊन बसायचा. कोणी बोलवायला गेलं की म्हणायचा, मासे बघतो. तळ्यात तेव्हा मासेच नव्हते.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“मी जाऊन शेजारी बसायचे. काय करणार?”

मी पाच महिन्यांत त्यांना विचारलेला बहुधा हा पहिला प्रश्न होता, ज्यात गोळ्या, हीटिंग किंवा बाथरूमचा नळ नव्हता. मला ते तिथे, त्या लाकडावर बसून कळलं, आणि मी जरा सरकून बसले.

“आजी, तुला एक गंमत सांगू?” ईराने वडी तोंडात कोंबली. “तुझी जिताडा.”

“माझा जिताडा.”

“नाही, ऐक ना. आम्हाला लेक्चरमध्ये होतं. जिताडा लहान असते तेव्हा सगळे नर असतात. सगळे. आणि मोठे झाले, पाच-सहा वर्षांनी, की त्यांची मादी होते.”

“काय बोलतेस!”

“सिरियसली. आधी तो, मग ती. त्याच माशाची. म्हणजे मी चुकत नाही, मी फक्त मोठ्या जिताड्याबद्दल बोलते.”

कमलाकर खो-खो हसला. आई हसल्या नाहीत. त्या दोऱ्यावरचं बोट न हलवता हिशेब लावत होत्या.

“थांब,” त्या म्हणाल्या. “तळ्यातल्याचं सोड, त्याच्यात गाभोळी, अंडी नसतातच. पण खाडीतला यायचा. तीन-चार किलोपर्यंतच्यात मी गाभोळी कधीच बघितली नाय. आणि दहा-बारा किलोचा असला तर असायची. नेहमी असायची. मी सासूला विचारलं होतं एकदा, यांचे नर जातात कुठे? सासू म्हणाली, तुला काय करायचंय, तू तुकडे कर.” त्यांनी ईराकडे पाहिलं. “साठ वर्षं झाली. मला वाटायचं, मीच नीट बघत नाय.”

“आजी, यू नोटिस्ड! तू ते स्वतः शोधलं होतं!”

“शोधलं कसलं. तुकडे करत होते.”

पण त्यांचा चेहरा उजळला होता. साठ वर्षांपूर्वी कोणीतरी दारातून परत पाठवलेला प्रश्न नातीने हातात आणून दिला होता, उत्तरासकट. मी कमलाकरला खूण केली, आत्ता नको. तोही मानेनेच म्हणाला, आत्ता नको. आम्हा दोघांची किती छान सोय झाली.

“चाखतोय,” आई एकदम म्हणाल्या.

“कोण?”

“गप.”

तरंगणारं लाल बूच हललंसुद्धा नव्हतं. आई बोटाकडे बघत होत्या. “चाखतोय... सोडलं... परत आला.” मग बूच थोडं थरथरलं. कमलाकर पुढे झाला, “आई, ओढ!” “गप रे.” बूच बुडालं, वर आलं. “आई, अगं ओढ ना!” त्यांनी ओढलं नाही. मनात काहीतरी मोजलं, आणि मग मनगट नुसतं वळवलं.

रॉड वाकला. त्या छोट्या भोकात काळं पाणी ढवळलं, बर्फाच्या कडेवर दोरा घासायला लागला, तसा कमलाकर झारा घेऊन पालथा पडला आणि कडा फोडायला लागला. ईरा जाळं घेऊन उलट्या बाजूला. मी आईंची खुर्ची मागून धरून ठेवली, कारण त्या पन्नास किलोंच्या आहेत आणि खाली काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. दोन मिनिटांनी जाळ्यात मासा आला. हातभर नव्हता, पण वीतभरापेक्षा पुष्कळ मोठा, आणि जाड. हिरवं, काळं, शेंदरी, ते रंग त्या करड्या दुपारी खरे वाटत नव्हते.

“बाई गं,” आई म्हणाल्या.

त्यांनी ओला हात पाठीवरून मागे फिरवून काटे निजवले आणि मासा उचलला. कमलाकरला अकरा वर्षांत हे काटे किती वेळा टोचलेत, ते त्याच्या बोटांवर लिहिलेलं आहे. आईंनी अंगठ्याने पोट हलकेच दाबून पाहिलं.

“गाभोळी आहे. भरलेली आहे.” त्या माझ्याकडे वळल्या. “मनीषा, हॉटेलात किचन आहे का गो? नसेल तर ईराच्या रूमवर. हळद तिच्याकडे असेल ना?”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता हे तरी सांगायलाच हवं होतं.

पण आमच्या आधी ॲलन आला. ॲलन तिथला राखणदार, सत्तरीचा, लोकरीची टोपी आणि वाहणारं नाक. चार चाकांची छोटी गाडी घेऊन तो पाण्याभोवती फिरतो, लायसनं बघतो आणि कमलाकरला ओळखतो. धक्क्यावर येऊन त्याने मासा पाहिला आणि टोपी मागे सारली.

“ओह, शीज अ बॉनी लास, दॅट वन!”

इकडचे मासेमार मोठ्या पर्चला ‘शी’च म्हणतात. ईरा नंतर म्हणाली, ते बरोबरच आहे, एवढ्या मोठ्या माद्याच असतात. ॲलनने आईंकडे, मग माशाकडे कौतुकाने पाहिलं, आणि ओशाळून मान हलवली. “बट शी हॅज टू गो बॅक, पेट. सॉरी.” इकडे प्रेमाने कोणालाही ‘पेट’ म्हणतात.

“काय म्हणतो तो?” आईंनी विचारलं.

कमलाकरने तोंड उघडलं. मीही उघडलं. दोघांनीही मिटलं. तेव्हा ईराने, जिला लहानपणापासून, माझे आईवडील इकडे आले की, डॉक्टरकडे, बँकेत, दुकानात भाषांतर करायची सवय आहे, नेहमीसारखं एकेक वाक्य सुटं करून सांगितलं.

“अंकल म्हणतात, ती खूप सुंदर आहे. त्यांना ती खूप आवडली. पण तिला परत जायला लागणार. इथे ठेवून नाही घेत.”

मी थांबले. तो मासा, ईरा. त्याला परत. आता आई म्हणतील. त्या दुरुस्तीची मी एवढी वाट कधी पाहिली नव्हती.

आईंनी दुरुस्त केलं नाही.

“का?” त्यांनी विचारलं.

“रूल आहे, आजी. सगळ्यांना सेम. अंकलचा काही फॉल्ट नाही.”

“तिला विचारलं का कोणी?”

ईराने प्रामाणिकपणे विचार केला. “नाही. तसं कोणी विचारत...” आणि तिथे तिला स्वतःचं वाक्य ऐकू आलं. ती आधी माझ्याकडे, मग बापाकडे बघायला लागली. तिचा चेहरा लहानपणी दूध सांडल्यावर व्हायचा तसा झाला.

“मासा, आई,” कमलाकर घाईने म्हणाला. “माशाबद्दल बोलतोय तो. इथे मासे सोडून द्यायची पद्धत आहे, मी तुला सांगणारच होतो.”

“कळलं मला. पोटात गाभोळी आहे, म्हणजे तीच.” आईंचा आवाज साधा होता. “पोरीचं बरोबर आहे.”

ॲलनला काही समजलं नव्हतं, पण माशाला फार वेळ बाहेर ठेवू नये म्हणून तो हातांनी दाखवत होता, असं खाली धर, असं. आई खुर्चीवरून उतरून गुडघ्यांवर बसल्या. मी त्यांच्या कमरेला हात घातला. त्यांनी मासळी त्या काळ्या पाण्यात ठेवली, पण हात काढला नाही. ती त्यांच्या तळव्यावर आडवी राहिली, कल्ले उघडत-मिटत. मला वाटलं होतं, सुटली की सुसाट जाईल. ती गेली नाही. पट्टे पाण्यात अजून गडद दिसत होते. किती वेळ झाला कोण जाणे, आईंची बोटं पांढरी पडली, आणि मग शेपटी एकदाच हलली आणि तळवा रिकामा झाला.

ॲलनने टाळी वाजवली, अंगठा दाखवला, “वेल डन, पेट,” म्हणाला, आणि गाडी सुरू करून बांधाकडे निघून गेला. तो आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. मग तोही थांबला.

मी आईंचा हात टॉवेलने पुसायला घेतला. तो दगडासारखा गार होता. मी चोळत राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, “आई, चहा उरलाय थोडा.”

“नको.”

“आई,” कमलाकर म्हणाला. तो धक्क्यावर उभा होता, हातात माझा झारा. “आई, ते तसं नाही. म्हणजे... तुलाच तिकडे बरं वाटतं ना? तूच म्हणतेस, तुझं तिकडे छान...”



आई भोकाकडे बघत होत्या. कडेला पुन्हा पातळ, काचेसारखा बर्फ धरायला लागला होता.

“पनवेलच्या खोलीला खिडकी आहे,” त्या म्हणाल्या. “फोटो बघितले मी. तुझा आयपॅड तू उघडाच ठेवतोस. खोली चांगली आहे. फरशी स्वच्छ आहे.”

ईरा रडत होती, आवाज न करता, बाहीने नाक पुसत. मी आईंचा हात सोडला नव्हता, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांनीही माझा धरला होता, चांगला घट्ट.

“वकिलीणबाई काय म्हणाल्या, ते पण मला माहीत आहे. भिंतीतून ऐकू येतं. सरकारचा रूल आहे. सगळ्यांना सारखा. त्यात तुझा दोष नाय, कमळू, हिचाही नाय. जायला लागेल, तर मी जाईन. बॅग पण भरीन.” त्यांनी श्वास घेतला. “पण कोणीच विचारलं नाय. आणि मी पण फोनवर सगळ्यांना तेच सांगत बसले, म्हणजे तुम्हाला विचारायला नको.”

“आई...” कमलाकर खाली बसला. त्यांच्याजवळ, गुडघे जवळ घेऊन. “सांग ना, आई. तुला काय हवंय?”

आईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ.

“मला नाय जायचं,” त्या म्हणाल्या.